मामीचा गडी मरत नाही

११ जून २००७
अर्जुनीहून टेम्पो आला. सु.च्या व्हिडिओ गेमच्या दुकानातलं सामान पोत्यांत भरून. टीव्ही, गेम, कॅसेटींचा डबा, वायरींचा गुंता. मालकाला गाळा रिकामा पाहिजे होता, त्याचंही बरोबर आहे. पोती पडवीत उतरवली. मामी म्हणाली, "धानाच्या पोत्याजवळ नोको ठेवू, उंदरं वायरा कुरतडतीन."
सु. जाऊन, पोटचा पोरगा जाऊन महिना नाही झाला आणि हिला वायरींची काळजी. सहा वर्षं या सासूच्या घरात काढली, तिला मामी म्हणत, अजून बाई कळली नाही.
पोत्याला दुकानाचा वास होता. पोरांचा घाम आणि उदबत्ती. रडू आलं नाही.

१९ जून
भेटायला येणाऱ्या बायका थांबत नाहीत. बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात. मी चहा करते. शेजारची सिंधूबाई जाताना मामीला हळूच, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "लय कठीन काळजाची हाये तुही सून."
मामी म्हणाली, "मीबी रडली नाई. मले काय म्हनशील?"
माझी बाजू घेतली असं नाही. खरंच तीही रडली नाही. सु.ला चार दिवस ताप, ताप मेंदूत गेला, गोंदियाहून परत आणला तोवर सगळं संपलेलं. विहारात मेणबत्त्या लावल्या, भन्ते आले, त्रिशरण झालं. तेव्हाही आम्ही दोघी जणू दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्या.

२३ जून
भाजीत मीठ दोनदा पडलं. दोघींनी खाल्लं. 

२७ जून
वडसाचा एक माणूस टीव्ही घ्यायला येणार आहे. चालतात का बघून ठेवा म्हणाला. म्हणून आज लाईन असताना एक जोडला. सु. दुकानात बसायचा, मी कधी गेम हातात धरला नव्हता. पोरांचा धंदा म्हणून मामी तर त्या गल्लीतही गेली नाही.
कॅसेट टाकली. वर चिनी अक्षरं, कोणाला वाचता येतात. एक माणूस निघाला, लाल फेटा, डोक्यावर टोपली. उजवीकडे चालतो, खड्डे ओलांडतो. वाटेत खेकडे, कावळे, काट्यांचे काहीतरी प्राणी. त्यांच्यावर उडी मारली की ते मरतात, नाहीतर आपण.
मामी दारात येऊन उभी राहिली.
"कोनाच्या घरचा गडी हाये हा?"
"कोणाचा नाही. गेममधला आहे."
"कुठं चालला?"
"माहीत नाही."
तेवढ्यात तो खड्ड्यात पडला. मामी सरळ वळून बाहेर गेली. मला वाटलं चूल पाहायला गेली. मग कळलं, चूल तर विझलेली.
गडी पुन्हा सुरुवातीला उभा राहिला होता, लुकलुकत. मी हाक मारली. "मामी, उठला."
ती आली. "उठला?"
"हो."
"किती डाव उठते?"
"तीनदा."
तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तीनदा तरी उठते."

२ जुलै
वडसावाला येऊन गेला. सगळं नेणार होता. मामीने एक टीव्ही, एक गेम मागे ओढून घेतला. मी विचारलं, कायले? म्हणाली, राहू दे म्हटलं ना. त्या माणसानेही वाद घातला नाही. घरात नुकतं माणूस गेलं की लोक वाद घालत नाहीत, एवढा एक फायदा.

९ जुलै
रोज खेळते. बरं वाटतं म्हणून नाही. काहीच वाटत नाही, ते बरं. गडी चालतो, मी बटण दाबते. सु. आठवत नाही, स्वयंपाक आठवत नाही, लोकांची तोंडं दिसत नाहीत. मग लोडशेडिंगची वेळ होते आणि काचेत मी दिसते, म्हणून आधीच उठते.
लाईन गेली की खेळलेलं सगळं जातं. पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून.

१३ जुलै
मामीने गेमचा रिमोट मागितला. "दे इकडं. पाहू तरी."
बटणं दाखवली. पहिल्याच खेकड्यावर मेली. पुन्हा मेली. पुन्हा. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी, आणि लगेच भीती वाटली की सिंधूबाईने ऐकलं असेल. मामीच म्हणाली, "हास ना वं. हासाले का पैसे लागते?"

३० जुलै
काल आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. आता अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन. मामी पांढरी साडी नेसून गेली, दरवर्षीसारखी शील घेऊन आली. शीलात दुपारनंतर जेवायचं नसतं, म्हणून जेवण आधीच उरकलं होतं.
आज दुपारी लाईन होती, बसलो. दोघींचा खेळ लावता येतो, एका रिमोटवर. एकीचा गडी मेला की दुसरीची पारी. मामीची पारी आधी. खेकडा आला आणि ही थांबली. खेकडा इकडून तिकडे, तिकडून इकडे. ही उभीच.
"मामी, उडी मारा. मरते तो."
"काल पानातिपाता म्हनून आली, जीव मारनार नाई म्हनून, अन् आज मारू?"
"गेम आहे तो."
"माहा हात तर खरा हाये ना? तो बिचारा आपल्या वाटेनं जाऊन रायला. त्याले काऊन मारायचं?"
"तो मारते ना आपल्याला."
"मंग बाजूला व्हायचं."
आणि खरंच, खेकडा वळला तशी त्याच्या मागून, त्याला न शिवता, उंच उडी मारून पलीकडे. मागे वळून बघितलं तर खेकडा तसाच चालत होता. मामीने मान हलवली. "गेला बापा."

३१ जुलै
काल मामी कावळ्यासाठीही थांबली. एका झाडाखाली इतकी थांबली की लाईन गेली. मी चिडले. ती नाही चिडली. "उद्या पह्यल्यापासून," म्हणाली, निंदण राहिलं असेल तसं.

१२ ऑगस्ट
रोवणी जोरात. मामी पहाटे परे, धानाची रोपं, उपटायला जाते, दिवसभर चिखलात वाकून, आली की हात पांढरे फुगलेले. मी घरचा बांध आणि कोंबड्या बघते. सायंकाळी लाईन आली की आधी गेम, मग भात.
सिंधूबाई दारातून म्हणाली, "लेक मेला अन् सासू-सुना टीव्हीवर खेळून रायल्या. जनाची नाही तर मनाची..."
मामीने मान न वळवता, "ये ना वं सिंधू, बस. तुले शिकवतो. फक्त खेकड्याले मारू नोको."
सिंधूबाई आली नाही. पण दारातून बराच वेळ बघत होती, गडी काट्यांच्या प्राण्याजवळ पोचला तेव्हा तिच्याच तोंडून "अगं माय" निघालं.

२० ऑगस्ट
मामीची पारी संपतच नाही. मारत नाही, म्हणून घाई नाही, म्हणून मरत नाही. मी मारत सुटते आणि लवकर मरते. तासभर बसले तर माझ्या वाट्याला पाच मिनिटं येतात. बाकी वेळ तिच्या शेजारी बसायचं. आधी कंटाळा यायचा. आता मी सुपारी कातरते, ती म्हणते "आला, आला", मी म्हणते "थांबा, थांबा", ती म्हणते "थांबलोच हाये ना". घरात माणूस आहे असं वाटतं. सु. होता तेव्हा आम्ही दोघी एका खोलीत एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. तो मधे असायचा, दोघींचं ऐकायचा, दोघींना हो म्हणायचा. मूल नाही म्हणून मामीने काय काय ऐकवलं, तेही त्याच्यामार्फतच यायचं.

२९ ऑगस्ट
दादा आला. साकोलीहून, दुपारच्या एसटीने. मामीला वाकून नमस्कार केला, चहा घेतला, मग मला मागे नेऊन सांगितलं. लाखनीकडचा एक माणूस आहे. आपल्यातलाच. शाळेत शिपाई. बायको बाळंतपणात गेली, एक मुलगी आहे. "तू अठ्ठावीसची. आयुष्य का असं काढायचं? इथं काय ठेवलंय?"
मी म्हटलं, आत्ता नको. म्हणाला, आत्ता कोण म्हणतं. दिवाळीनंतर तुमच्या गावची मंडई भरते, त्या जत्रेपर्यंत सांग.
चुलीजवळून मामीला सगळं ऐकू गेलं. जाताना दादा तिला काही बोलायला गेला तर तिने आधीच म्हटलं, "पोरगी तुमची हाये. मी काय बोलू?"
एवढं सोपं? सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लं. राग आला. कोणाचा तेही समजलं नाही.

३० ऑगस्ट
खेळलो नाही.

३१ ऑगस्ट
मामीने स्वतःच लावला. वायर उलटी खोचली होती, मी सरळ केली. झालं.

८ सप्टेंबर
मामी विहारात गेली होती. एकटी बसले. सगळे मारले. खेकडे मारले, कावळ्यांना दगड मारले, काट्यांचे ते मारले, जे सुटले त्यांना मागे जाऊन मारले. गडी पुढे न्यायचाच नव्हता. सु.वर राग येत होता. ताप होता तरी दुकान उघडायचा. म्हणे बंद ठेवलं तर पोरं दुसरीकडे जातील. पोरं जातील! गेलास ना तू. पोरं आहेत तिथंच आहेत, आज त्या गाळ्यात मोबाईलवाला बसतो, पोरं त्याच्याकडे जातात. मी म्हटलं होतं चल गोंदियाला, रक्त तपासू, तर गोळी खाऊन हसला. मारले. सगळे मारले. तोंड ओलं झालं होतं ते मागून कळलं.
मामी कधी आली माहीत नाही. दारात पांढऱ्या साडीत उभी. मला वाटलं शीलाचं काही ऐकवेल.
"झाले का मारून?"
मी मान हलवली.
"मंग भात खा."
जेवताना ती म्हणाली, "मलेबी त्याचा राग येते. सांगाले लाज वाटते." मग दोघी रडलो, ताटावरच. भात खारट झाला का बघायची शुद्ध नव्हती. मी सहा वर्षांत पहिल्यांदा मामीच्या पाठीवरून हात फिरवला. हाडंच आहेत.

९ सप्टेंबर
डोळे सुजले. अंग हलकं झालं असं म्हणतात, मला नाही झालं. पुन्हा तसंच, बधिर. पण आता दोघी एकाच खोलीत निजतो.

२२ सप्टेंबर
मामी खेळताना बोलते. समोर बघून, हात चालू ठेवून. तोंड माझ्याकडे असताना कधी बोलणार नाही अशा गोष्टी. सु.च्या आधीची एक मुलगी होती, नऊ महिन्यांची होऊन गेली. मला ठाऊकच नव्हतं. "म्हनून तुले मूल मूल करत होतो. तुह्यासाठी नाई, माह्यासाठी." मग कावळा आला, ती थांबली, विषयही थांबला.

१९ ऑक्टोबर
वस्तीतली माणसं ट्रकने नागपूरला, दीक्षाभूमीवर निघाली. मामीचे गुडघे दुखतात, ती यंदा गेली नाही. मी साकोलीला. दादा म्हणतो, नुसतं बघून घे, बघण्यात काय जातं.
एसटीत बसल्यावर आठवलं, मामीला कॅसेट अडकली की फुंकर मारायची ते सांगितलंच नाही.

२२ ऑक्टोबर, साकोली
माणूस आला. बरोबर मुलगी, चार वर्षांची. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, नाही म्हणून मोकळी झाले असते. जास्त बोलला नाही. एकच विचारलं, "तुमच्या सासूबाई एकट्या राहतील का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग त्यांना कधी कधी भेटायला जायला लागेल." दादाने भुवया उंचावल्या. मला काय वाटलं? लिहायला बसले तर काही सापडत नाही. मुलीची वेणी सुटली होती, ती मी घातली, एवढं आठवतं. हात आपोआप गेला.

२४ ऑक्टोबर
परत आले. मामी पडवीत बसलेली, मला बघून उठली. एवढी लगबग तिची कधी बघितली नाही. "काऊन उशीर केला वं? आत्ताच लाईन गेली."
ही सकाळी एवढ्या पुढे गेली होती जिथे आम्ही कधीच पोचलो नाही. मला दाखवायचं म्हणून थांबवून ठेवला होता, टीव्हीवर टॉवेल टाकून, कोंबडी चढू नये म्हणून. आणि मी यायच्या थोडं आधी लोडशेडिंग. टॉवेल अजून तसाच होता.
"काय होतं तिथं?"
"नदी. मोठी. खेकडे नाई, कावळे नाई, कोनीच नाई. पलीकडं घरं होते, दिवे लागले होते घराईत."
"मग गेला का पलीकडे?"
"डोंगा नव्हता. तुही वाट पाहून रायलो, म्हटलं तू सांगशील कसं जायचं."
माणसाबद्दल तिने विचारलं नाही. रात्री मीच सांगितलं. ती म्हणाली, "सासूचं इचारलं? बरा हाये मंग."

२६ ऑक्टोबर
वर्षावास संपला. विहारात खीर होती. आल्यावर मी चिडवलं, "मामी, आता मारायला हरकत नाही."
"सवय गेली वं."

४ नोव्हेंबर
दादाचा फोन सिंधूबाईच्या मोबाईलवर. लाखनीवाले थांबलेत. मंडईला जीप घेऊन येतो, चार दिवस साकोलीला राहा, बोलणं होऊन जाऊ दे. चार दिवस म्हणाला. चार दिवसांसाठी कोणी जीप करत नाही. सिंधूबाईलाही समजलं, मलाही, पडवीतून ऐकणाऱ्या मामीलाही.

७ नोव्हेंबर
कापणी. मामीसोबत मीही गेले. दुपारी बांधावर बसून भाकर खाताना विचारून टाकलं. "मामी, मी जाऊ का राहू?"
"मले काऊन इचारतेस?"
"मग कोणाला विचारू?"
ती भडकली. "मी राह्य म्हटलं तर राह्यशील, अन् जनमभर माह्या नावानं बोटं मोडशील. जाय म्हटलं तर म्हनशील सासूनं हाकललं. मी दोन्ही म्हनत नाई. तुही तू पाह्य." विळा घेऊन उठली. दिवसभर पुढच्या ओळीत राहिली, मला मागे टाकून.
तिचं खरं आहे. म्हणूनच सहन होत नाही. सु. असता तर दोघींना हो म्हणाला असता.

१३ नोव्हेंबर
नदीपर्यंत पुन्हा पोचलो नाही. मामीचं लक्ष नसतं. तरी मरत नाही.
तिच्यासाठी राहायचं का? तिच्यासाठी राहिले तर ती दया झाली, ती दया तिला चालणार नाही. माझ्यासाठी राहायचं का? माझं इथं काय, एक टीव्ही आणि शेजारी बसणारी एक म्हातारी. हे कमी आहे का, ते ठरत नाही. त्या मुलीची वेणीही डोक्यातून जात नाही.

१७ नोव्हेंबर
उद्या मंडई. गावात लेकी-जावई आलेत, नाटकाचा मंडप लागलाय. बॅग भरली. चार दिवसांच्या मानाने जास्त साड्या घातल्या, मग काढल्या, मग पुन्हा घातल्या. मामी बघत होती. म्हणाली, "स्वेटर ने. तिकडं थंडी राह्यते." तिकडं म्हणजे साकोली. एवढीशी लांब.

१८ नोव्हेंबर
दादा सकाळीच आला. जीप दारात. मामीने चहा केला, पोहे केले. मी तयार होते. बॅग हातात.
मामी टीव्हीसमोर जाऊन बसली. "लाईन हाये तवरक एक डाव. माही पारी झाली का मंग जाय."
दादा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. काय सांगणार. म्हटलं, बस पाच मिनिटं.
गडी निघाला. पहिला खड्डा गेला. खेकड्यासाठी थांबली, खेकडा वळला, गेला. कावळ्यासाठी थांबली. मी बॅग घेऊन मागे उभी. दादाने दुसरा चहा घेतला. बाहेर पोरं पिपाण्या वाजवत मंडईकडे जात होती. काट्यांचे प्राणी गेले. एकही मेला नाही, हाही मेला नाही. दादाने घड्याळ बघितलं, बाहेर जाऊन हॉर्न दिला. मला बरं वाटत होतं. स्पष्ट लिहिते, बरं वाटत होतं. मनात म्हणत होते, मरू नको, मरू नको. तो मरत नव्हता आणि मला काही ठरवायला लागत नव्हतं. नदीपर्यंत गेला असता तर दुपार झाली असती.
मामीने एकदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बॅगेकडे. पुढे एक लहान खड्डा होता, जो ती डोळे मिटूनही ओलांडते. गडी काठाशी आला. ती थांबली नाही, उडीचं बटणही दाबलं नाही. सरळ चालवला, आत.
जुलैपासून तिने त्याला आपणहून कधी मारलं नव्हतं.
पडद्यावर माझा गडी आला, सुरुवातीला, लुकलुकत. मामीने न बघता रिमोट मागे धरला. "घे."
  तिचा हात तसाच, मागे धरलेला. बाहेर दादाने पुन्हा हॉर्न दिला. मी बॅग खाली ठेवली, रिमोटला दोन हात लागतात.